हात पसरले म्हणजे ख्रिस्त होत नाही

जून 2013 मध्ये ‘मॅन ऑफ स्टील’ हा सुपरमॅनचा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा वॉर्नर ब्रदर्सने तिथल्या पाळकांसाठी खास खेळ ठेवले आणि रविवारच्या उपासनेत वापरता यावे असे प्रवचनाचे टिपणही उपलब्ध करून दिले. येशू हाच पहिला, मूळचा सुपरहिरो, असा त्या टिपणाचा आशय होता. चित्रपटाने त्यासाठी सामग्रीही भरपूर पुरवली होती. नायकाला पृथ्वीवर येऊन 33 वर्षे झालेली. शत्रूच्या स्वाधीन होण्याआधी तो चर्चमध्ये पाळकाशी बोलतो, तेव्हा त्याच्या मागच्या रंगीत काचेवर गेथशेमाने बागेत प्रार्थना करणारा येशू दिसतो. पुढे तो अंतराळयानातून बाहेर पडतो तो दोन्ही हात आडवे पसरून. एवढे दिसल्यावर पाळकाने आणखी काय शोधायचे?

हा निव्वळ जाहिरातीचा उद्योग असता, तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. पण या उद्योगामागे एक मान्यता पावलेला विचार उभा आहे. येशूसभेचे धर्मगुरू लॉइड बॉ यांनी 1997 च्या आपल्या ग्रंथात येशूच्या जीवनावरचे चित्रपट आणि ज्यांच्या नायकात ख्रिस्ताची छाया दिसते असे चित्रपट, असे दोन वर्ग केले. 2004 मध्ये अँटन कार्ल कोझलोविक या अभ्यासकाने अशा छाया-नायकाची 25 लक्षणेच क्रमवार नोंदवली. त्यानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गांत, युवक-मेळाव्यांत आणि यूट्यूबवर लक्षणे जुळवण्याचा हा परिपाठ रुळला. ‘ई.टी.’, ‘द मेट्रिक्स’, ‘द ग्रीन माइल’ असे करत त्याची व्याप्ती व्हिडिओ गेमपर्यंत पोहोचली. नायक इतरांसाठी मरतो, परत उठतो, कुणी जवळचा त्याचा घात करतो. झाले, हा ख्रिस्त.

मी स्वतः श्रद्धेने ख्रिस्ती आहे आणि लोकप्रिय कलेत ख्रिस्ती धर्मचिंतन सापडते असे मनापासून मानतो. म्हणूनच लक्षणे जुळवण्याचे हे मत खोडून काढणे मला आवश्यक वाटते. त्याने चित्रपटही नीट पाहिला जात नाही आणि ख्रिस्तही नीट कळत नाही.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. या मताचे समर्थक म्हणतात, की दुसऱ्या गोष्टींत ख्रिस्त पाहण्याची रीत चर्चइतकीच जुनी आहे. आरंभीच्या धर्मपित्यांनी माशाच्या पोटात तीन दिवस राहिलेल्या योनात ख्रिस्ताचे मरण आणि उठणे पाहिले, आणि होमबलीचे लाकूड स्वतःच्या पाठीवर वाहणाऱ्या इसहाकात वधस्तंभ वाहणारा येशू पाहिला. ते ज्यूंच्या शास्त्रापाशीच थांबले नाहीत. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने होमरच्या ओडिसियसला जहाजाच्या डोलकाठीला बांधलेले पाहिले आणि त्याला क्रूसाची आठवण झाली. दुसऱ्या शतकातल्या हुतात्मा जस्टिनने तर सर्व जगात दैवी शब्दाची बीजे विखुरलेली आहेत, असे सांगून ठेवले. मग ती बीजे हॉलिवूडमध्ये का सापडू नयेत? शिवाय ज्या तरुणाला चर्चचा उंबरठा परका वाटतो, त्याच्याशी बोलायला हा ओळखीचा धागा मिळतो. अथेन्समध्ये पौलानेही ग्रीकांच्याच एका कवीचा आधार घेतला होता.

हा युक्तिवाद हलका नाही. त्याला उत्तर देण्याआधी मात्र ती लक्षणे एकदा हातात घेऊन पाहू.

कोझलोविकच्या यादीत नायकाचे वय तिशीच्या आसपास असणे आहे, बारा सोबती आहेत, हात पसरलेली मुद्रा आहे, ‘जे. सी.’ ही आद्याक्षरे आहेत, आणि निळे डोळेही आहेत. या निळ्या डोळ्यांपाशी क्षणभर थांबावे. चारही शुभवर्तमानांत येशूच्या डोळ्यांच्या रंगाविषयी एक अक्षर नाही. पहिल्या शतकातला गालीलचा ज्यू सुतार निळ्या डोळ्यांचा असण्याचा संभवही फार थोडा. हे डोळे आले आहेत ते 1961 च्या ‘किंग ऑफ किंग्ज’मधल्या जेफ्री हंटरचे आणि 1977 च्या ‘जीझस ऑफ नाझरेथ’मधल्या रॉबर्ट पॉवेलचे. म्हणजे पडद्याने आधी ख्रिस्ताचे एक रूप घडवले. अभ्यासकाने त्यावरून लक्षणे काढली. आणि तीच लक्षणे लावून पडद्यावरच्या दुसऱ्या चित्रपटात ख्रिस्त सापडल्याचे जाहीर झाले. नैयायिक याला अन्योन्याश्रय म्हणतील. चित्रपटाला चित्रपटानेच दिलेली ती साक्ष आहे आणि तिचा शुभवर्तमानाशी संबंध जुळत नाही.

बाकीच्या लक्षणांवर दुसरा दोष येतो, अतिव्याप्तीचा. गूढ जन्म, परकेपण, परीक्षा, मरणाचा अनुभव, परत येणे: ही लक्षणे जोसेफ कॅम्पबेलने 1949 मध्ये जगभरच्या वीरकथांमधून काढलेल्या साच्याशी जवळजवळ जुळतात, आणि त्या साच्याचे ऋण चित्रपट-दिग्दर्शक जॉर्ज लुकासने उघडपणे मान्य केले आहे. जे लक्षण प्रत्येक वीराला लागू पडते, त्याने एकट्या ख्रिस्ताची ओळख कशी पटावी? ख्रिस्ती श्रद्धांगीकारात येशूबरोबर एका रोमन सुभेदाराचे नाव रोजच्या रोज घेतले जाते: पंतय पिलात. हे नाव तिथे असण्याला अर्थ आहे. वधस्तंभाची घटना अमुक देशात, अमुक अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत, एका माणसाच्या बाबतीत घडली, असा त्या श्रद्धेचा आग्रह आहे. त्या माणसाला वीरकथेच्या साच्यात विरघळवले, की नावापुरता ख्रिस्त उरतो आणि श्रद्धेतला मुख्य आग्रह जातो.

तिसरा दोष सर्वांत गंभीर: लक्षणे जुळतात आणि सिद्धान्त उलटा असतो. 1999 चा ‘द मेट्रिक्स’ घ्या. त्यात ट्रिनिटी आहे, झायन आहे, घातकी सायफर आहे. जहाजाच्या पाटीवर मार्कच्या शुभवर्तमानाकडे, तिसऱ्या अध्यायाच्या अकराव्या ओवीकडे, बोट दाखवणारी अक्षरे कोरलेली आहेत. नायक निओ मरतो आणि उठतो. प्रवचनकाराला याहून अधिक काय हवे! पण चित्रपट तारणाविषयी काय सांगतो ते पाहा. डोळ्यांना दिसणारे जग ही फसवणूक आहे, ती कुणा खालच्या दर्जाच्या निर्मात्याने रचली आहे, आणि गुप्त ज्ञान झालेले मोजके लोक तिच्यातून सुटतात. हे मत ख्रिस्ती परंपरेला नवे नाही. दुसऱ्या शतकात ज्ञानवादी पंथ हेच सांगत होते, आणि लियॉनच्या इरेनियसने इसवी सन 180 च्या सुमारास पाच भागांचा ग्रंथ लिहून त्याचे खंडन केले. त्याचे म्हणणे असे, की सृष्टी देवाने निर्माण केली आहे, ती चांगली आहे, आणि देवाचा पुत्र खऱ्या मांसारक्ताच्या देहात आला. ज्या मताला चर्चने इतक्या आधी आणि इतक्या विचारपूर्वक नाकारले, तेच मत अठरा शतकांनंतर काळा झगा घालून आले म्हणून त्याला व्यासपीठावर बसवायचे, ही विस्मृती आहे.

त्याच चित्रपटातला इमारतीच्या प्रवेशदालनातला गोळीबार आठवा. निओ आणि ट्रिनिटी ज्या पहारेकऱ्यांना संगमरवरी खांबांआड टिपून मारतात, ती यंत्रे नाहीत. यंत्रांनी जखडून ठेवलेली माणसे आहेत. मेट्रिक्समध्ये मेलेला माणूस बाहेरही मरतो, हे चित्रपटानेच आधी सांगितलेले असते. ज्यांना सोडवायचे त्यांचीच प्रेते तुडवत हा तारणारा पुढे जातो. ज्याने आपल्याला खिळे ठोकणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, त्याच्याशी याची तुलना कशाच्या आधारावर करायची? ‘मॅन ऑफ स्टील’चा शेवटही असाच आहे. अर्धे शहर जमीनदोस्त होते आणि नायक शत्रूची मान मोडतो. पसरलेले हात पाळकांना दिसले. त्याच हातांनी पुढे काय केले, ते टिपणात आले नाही.

इथे सुपरमॅनच्या जन्मदात्यांचीही आठवण ठेवली पाहिजे. जेरी सीगल आणि जो शूस्टर ही क्लीव्हलंडमधली, परदेशातून आलेल्या ज्यू कुटुंबांतली दोन मुले. त्यांचा सुपरमॅन 1938 मध्ये प्रसिद्ध झाला, जेव्हा युरोपातल्या ज्यूंवर आकाश कोसळत होते. नाशातून वाचवण्यासाठी आईबापांनी दूर सोडून दिलेले आणि परक्यांच्या घरी वाढलेले बाळ म्हटले, की टोपलीतला मोशे आठवणे अधिक स्वाभाविक आहे. त्या कथेवर थेट ख्रिस्ताचा शिक्का मारताना आपण दुसऱ्यांची स्मृती पुसतो, आणि ख्रिस्ती जगाने ज्यूंच्या बाबतीत हे पूर्वी पुष्कळदा केलेले आहे.

‘द ग्रीन माइल’मध्ये हा दोष नैतिक अपराधाच्या जवळ जातो. जॉन कॉफी हा 1930 च्या दशकातल्या लुइझियानातला कृष्णवर्णीय. दोन गोऱ्या मुलींच्या खुनाचा खोटा आळ त्याच्यावर येतो. तो दुसऱ्यांचे आजार स्वतःमध्ये ओढून घेतो, गोऱ्या पहारेकऱ्याला आणि तुरुंगाधिकाऱ्याच्या पत्नीला बरे करतो, आणि अखेर विजेच्या खुर्चीत मरतो. नावाची आद्याक्षरे आपण मुद्दाम तशी ठेवली, असे मूळ कथेचा लेखक स्टीफन किंगनेच लिहून ठेवले आहे. पण मारणाऱ्यांना तो निर्दोष असल्याचे ठाऊक असते. कॉफी थकलेला आहे, त्यालाच मरण हवे आहे, असे दाखवून कथा त्यांना मोकळे करते. प्रेक्षक डोळे पुसत घरी जातात; न्यायालयाविषयी, त्या काळातल्या वर्णद्वेषाविषयी कुणाला काही विचारावेसे वाटत नाही. अमेरिकेतले कृष्णवर्णीय धर्मचिंतक जेम्स कोन यांनी 2011 च्या आपल्या ग्रंथात वधस्तंभ आणि जमावाने माणसांना फासावर लटकवलेले झाड यांना शेजारी ठेवले, ते झाड विसरले जाऊ नये म्हणून. वधस्तंभ त्यांनी आरोपपत्रासारखा वाचला. कॉफीला ख्रिस्त म्हणून निवांत होणारे त्याच वधस्तंभाने अपराधावर पांघरूण घालतात. दोन्ही ठिकाणी चिन्ह एकच, आणि त्यातून निघालेले धर्मचिंतन एकमेकांच्या विरुद्ध.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत तर लक्षणांची ही पद्धत पहिल्याच पायरीवर अडखळते. तिथे प्रत्येक नायक मरतो आणि प्रत्येक नायक उठतो. मारियो दिवसातून शंभरदा उठतो. ती खेळाची सोय आहे: चूक झाली, मागच्या टप्प्यावरून पुन्हा सुरू करा. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय ज्याने वाचला आहे, त्याला पुनरुत्थान आणि पुन्हा सुरुवात यांतले अंतर सांगावे लागत नाही. लाजर उठला तो जुन्याच आयुष्यात परतला. ख्रिस्त उठला तो मरणाच्या पलीकडे गेला. आणि योहान सांगतो, की उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. थोमाला त्याने तेच दाखवले. गेममधला नायक उठतो तेव्हा त्याच्या जीवनशक्तीची पट्टी पूर्ण भरलेली असते आणि जखमेची खूण उरत नाही. व्रण पुसून टाकणारे उठणे आणि व्रण जपणारे उठणे यांना एक मानले, तर पुनरुत्थानाचा अर्थच निसटतो.

ही खोड एका धर्मापुरती नाही. ‘मेट्रिक्स’मध्ये मायावाद, ‘अवतार’च्या निळ्या कातडीत श्रीकृष्ण आणि कुठल्याही युद्धपटात गीता शोधणारे मराठी लेख आपण वाचतोच. शंकराचार्यांच्या अद्वैताचा त्यातून जितका बोध होतो, तितकाच तिकडच्या खटाटोपातून ख्रिस्ताचा होतो. याविषयी आपल्याकडे एक चांगला आदर्श आहे. 1910 च्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू हलत होता आणि त्यांच्या मनापुढे राम, कृष्ण, अयोध्या, गोकुळ उभे राहत होते, हे त्यांनीच पुढे ‘नवयुग’मध्ये लिहिले. त्या चित्रपटात कृष्ण दडला आहे, असा दावा मात्र त्यांनी केला नाही. जे त्यांचे नव्हते ते त्यांनी परके राहू दिले, आणि जे त्यांचे होते त्यासाठी स्वतः कष्ट उपसून 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ उभा केला. त्याआधी तीन शतके, 1616 मध्ये, गोव्यातल्या राशोल इथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. त्यांनी मराठी ओवी घेतली, पुराणाची धाटणी घेतली, आणि कथा मात्र शुभवर्तमानाचीच सांगितली. वेगळेपण ओळखूनही जवळ जाता येते, हे दोघांनी आपापल्या परीने दाखवले.

मग चित्रपटांत आणि गेममध्ये ख्रिस्ती धर्मचिंतन शोधायचे ते कुठे? माझे प्रतिपादन असे. नायकाची मुद्रा, वय, आद्याक्षरे बाजूला ठेवा. त्या जगाचा कायदा पाहा. तिथे अपराधाचे काय होते? क्षमा मिळते का, आणि तिची किंमत कोण मोजतो? देह आणि सृष्टी यांना तिथे मान आहे का? माणूस जिथे हरतो तिथे काय उरते? हे प्रश्न विचारले, की ज्यांच्यात ख्रिस्ताची एकही खूण नाही अशा कलाकृती बोलू लागतात, आणि ज्यांच्यात खुणाच खुणा आहेत त्यांची खरी किंमतही समजते.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पाहू. लक्षणवाले सांगतात: गँडाल्फ मरून उठतो, फ्रोडो क्रूसासारखे ओझे वाहतो, ॲरागॉर्न परतणारा राजा. मूळ लेखक टोल्किन कॅथलिक होते, आपली कृती मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे असे त्यांनी 1953 मध्ये येशूसभेतल्या आपल्या एका मित्राला कळवलेही होते. रूपककथेचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा होता. त्यांचे धर्मचिंतन फ्रोडोच्या पराभवात आहे. दुष्ट शक्तीची अंगठी आगीत नष्ट करायला निघालेला फ्रोडो माउंट डूमच्या कड्यावर पोहोचल्यावर ती टाकत नाही. ती आपली म्हणून बोटात घालतो. सद्गुणी माणसाची सारी शक्ती अगदी शेवटच्या पावलावर संपते. तेव्हा त्या अंगठीने पछाडलेला गॉलम त्याचे बोट चावून तोडतो, अंगठी हाती आल्याच्या आनंदात नाचतो, तोल जातो आणि ज्वाळांत पडतो. त्याला कुणी ढकललेले नसते. तो तिथवर जिवंत पोहोचतो, कारण अंगठी आधी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोने, मग फ्रोडोने, मग सॅमनेही त्याला मारता येत असताना सोडून दिलेले असते. पुष्कळ आधी, काही मिळेल या आशेविना केलेली दया सगळ्या जगाला तारते. टोल्किनने या दिवसाची तारीख 25 मार्च ठेवली: चर्चच्या पंचांगात देवदूताने मरियेला निरोप दिल्याचा हा दिवस, आणि जुन्या परंपरेप्रमाणे येशूच्या वधाचाही.

आता पीटर जॅक्सनचा 2003 चा चित्रपट पाहा. गॉलमने बोट तोडल्यावर फ्रोडो उठतो, त्याच्याशी झटापट करतो आणि दोघेही कड्यावरून कोसळतात. काही क्षणांचाच हा फरक. पण पुस्तकात जे दयेने घडते ते इथे बळाने घडते. पहिल्या भागात बिल्बोच्या दयेविषयीचे गँडाल्फचे बोलणे जॅक्सनने आवर्जून ठेवले होते. त्या दयेचे फळ दाखवण्याच्या जागी त्याने कुस्ती दाखवली. गँडाल्फचा पांढरा झगा मोजत बसलेल्या अभ्यासकाला हा फेरफार दिसतच नाही, आणि ख्रिस्ती दृष्टीने संपूर्ण चित्रत्रयीत याहून मोठा फेरफार दुसरा नाही.

माझ्या प्रतिपादनाची सर्वांत कडक कसोटी कार्ल ड्रायरच्या 1955 च्या ‘ओर्डेट’मध्ये आहे. काय मुंक या डॅनिश पाळकाच्या नाटकावरून हा चित्रपट केला आहे. 1944 मध्ये गेस्टापोने मुंकला ठार मारले. जटलंडमधल्या शेतकरी कुटुंबातला योहानेस हा मुलगा भ्रमिष्ट झालेला आहे आणि स्वतःला ख्रिस्त समजतो. दाढी, लांब झगा, शुभवर्तमानातली भाषा. एकूण एक लक्षण हजर. आणि या अवस्थेत त्याच्याने काहीच होत नाही. वहिनी इंगर बाळंतपणात दगावते, तिला उठवायला तो जातो आणि मूर्च्छित होऊन पडतो. मग तो घर सोडतो. अंत्यविधीच्या दिवशी परततो तेव्हा तो शुद्धीवर आलेला असतो. आपण ख्रिस्त नाही हे त्याला कळलेले असते. इंगरची लहानगी मुलगी त्याचा हात धरते आणि आईला लवकर उठव म्हणून सांगते. तो येशूच्या नावाने हाक मारतो आणि शवपेटीतल्या इंगरची बोटे हलू लागतात.

त्याआधी याच खोलीत दोन गोष्टी घडून गेलेल्या असतात. धर्ममतावरून वैर धरलेले दोन म्हातारे शवपेटीशेजारी समेट करतात. आणि तिचा आत्मा देवापाशी आहे असे वडील समजावतात, तेव्हा इंगरचा नवरा मिकेल रडत म्हणतो, की माझे तिच्या देहावरही प्रेम होते. त्याच देहाने इंगर उठते, नवऱ्याला घट्ट बिलगते आणि पहिल्यांदा बाळाची चौकशी करते. इरेनियसने पाच भागांत जे मांडले ते ड्रायर या एका दृश्यात मांडतो. ख्रिस्ताचे सोंग असेपर्यंत चमत्कार नाही. सोंग गळून श्रद्धा उरली तेव्हा चमत्कार. छाया-नायकाच्या सिद्धान्ताला याहून सडेतोड उत्तर कुठल्याही पुस्तकात मला सापडलेले नाही.

गेमकडे येताना हाच निकष अधिक उपयोगी पडतो, कारण गेमचे जग अक्षरशः नियमांनी बनलेले असते. ‘मॅन ऑफ स्टील’च्या जेमतेम तीन महिने आधी ‘बायोशॉक इन्फिनिट’ बाजारात आला. आकाशात तरंगणाऱ्या कोलंबिया नगरीत शिरायचे तर खेळणाऱ्याला आधी बाप्तिस्मा घ्यावा लागतो; पाळक त्याला पाण्यात बुडवतो, आणि दुसरा रस्ता नसतो. पुढे उलगडते, की नायक बुकर 1890 च्या वूंडेड नी इथल्या हत्याकांडात सामील होता आणि त्या पापाच्या ओझ्याने नदीकाठी बाप्तिस्म्याला गेला होता. एका जगात तो मागे फिरतो आणि दारू-जुगारात बुडतो. दुसऱ्या जगात तो पाण्यात उतरतो, पाप धुतले गेले या खात्रीने उठतो आणि कॉमस्टॉक नावाचा संदेष्टा बनून वर्णद्वेषाची धर्मनगरी उभारतो. धर्मचिंतक डीट्रिच बॉनहोफरने 1937 मध्ये ज्या स्वस्त कृपेविरुद्ध लिहिले, पश्चात्तापावाचून मिळालेल्या त्या क्षमेची ही भयंकर गोष्ट आहे. गेमचा शेवट ख्रिस्ती नाही. बुकरला त्याच पाण्यात बुडवून मारणे हाच तिथे पापावरचा उपाय ठरतो. तिथे क्षमा नाही, फक्त खोडून टाकणे आहे. या शेवटाशी ख्रिस्ती माणसाने वाद घालावा. असा वाद घालता येणे ही त्या कलाकृतीची थोरवी आहे, आणि तिच्यात ख्रिस्तासारखा दिसणारा नायक शोधून हा वाद सुरूच होत नाही.

दुसरा गेम अगदी लहान आणि साधा. रायन आणि एमी ग्रीन या दांपत्याचा मुलगा जोएल एक वर्षाचा असताना त्याला कर्करोग असल्याचे निदान झाले. मार्च 2014 मध्ये, पाचव्या वर्षी, तो गेला. जानेवारी 2016 मध्ये या आईबापांचा ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ आला. त्यात रुग्णालयातली एक रात्र आहे. जोएल तहानेने व्याकूळ होऊन रडतो आहे. खेळणारा बापाच्या जागी असतो. पाणी देऊन पाहा, उचलून घ्या, येरझाऱ्या घाला. रडणे थांबत नाही. गेममध्ये काही दाबले की काही घडते, हा या माध्यमाचा मूळ करार, आणि इथे तो मोडलेला असतो. अखेर बाप प्रार्थना करतो, आणि मूल शांत होते. प्रार्थना ही हमखास गुण देणारी कळ ठरत नाही, कारण जोएल वाचत नाही. आई बरे होण्याची वाट पाहते, बाप शंकेत बुडतो. दोघांची श्रद्धा एकसारखी नाही आणि गेम ती एकसारखी करून दाखवत नाही. स्तोत्रसंहितेतले 88 वे स्तोत्र अंधारातच संपते, तरी ते प्रार्थनाच आहे. कृपा कमावता येत नाही, हा पौलापासून चालत आलेला सिद्धान्त. गुण मिळवण्यावर उभ्या असलेल्या माध्यमात तो सिद्धान्त हातातल्या असहायतेने कळतो. या गेममध्ये कुणीही हात पसरत नाही.

राहिला पूर्वपक्षाचा धर्मपित्यांचा आधार. योना आणि इसहाक यांच्यात ख्रिस्त पाहणाऱ्यांनी एकाच देवाने एकाच इतिहासात दिलेले वचन आणि त्याची पूर्ती यांचा संबंध लावला होता. कुठल्याही कथेला कुठेही जोडण्याची मुभा त्यांनी घेतली नव्हती. जस्टिनने बीजे पाहिली, तशा ग्रीक देवांच्या कथाही कठोरपणे नाकारल्या. पौलाने अथेन्समध्ये कवीचा आधार घेतला आणि तिथेच न थांबता मृतांच्या पुनरुत्थानाची गोष्ट काढली. ती ऐकून काहींनी त्याची चेष्टा केली. ओळखीच्या धाग्याने सुरुवात करून अनोळखी सत्यापर्यंत नेणे ही पौलाची रीत होती. लक्षणवाले धाग्यालाच सत्य समजून तिथेच सभा आटोपतात.

आणखी एक शंका निघेल: दिग्दर्शकाच्या मनात नसलेला अर्थ काढायचा नाही, असे तुमचे म्हणणे आहे का? मुळीच नाही. मोठी कलाकृती कर्त्याच्या हेतूपेक्षा मोठी असते. टोल्किनला जे हवे होते ते जॅक्सनच्या हातून निसटले, आणि ‘बायोशॉक’ने कुठलाही धर्मप्रचार न करता बाप्तिस्म्याचा खोल प्रश्न विचारला. माझा आग्रह हेतूचा नाही, पुराव्याचा आहे. काढलेला अर्थ कथेच्या रचनेत, तिच्या निकालात दाखवता आला पाहिजे.

पाळकांना, धर्मशिक्षकांना आणि युवक-मंडळे चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. मुलांना चित्रपट जरूर दाखवा, त्यांच्याबरोबर गेमही खेळा. मग नायक कुणासारखा दिसतो, हे विचारू नका. या गोष्टीत कुणाला क्षमा मिळाली, कुणाला नाकारली गेली, आणि त्याची किंमत कुणी मोजली, एवढे विचारा. उत्तर ख्रिस्ताच्या शिकवणीशी जुळत असेल तर आनंदाने सांगा, उलट जात असेल तर तेही स्पष्ट सांगा. मुले दोन्ही ऐकू शकतात. त्यांना ओळखीचा ख्रिस्त हवा म्हणून खोटा ख्रिस्त देण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही.